कसबा बावडा ते सॅन फ्रान्सिस्को: साडेतेरा हजार किलोमीटर आणि त्याआधीचे तीनशे

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातलं एक जोडपं. काका ७१ वर्षांचे, साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले. मधुमेह आहे आणि डावा गुडघा धरतो. काकू ६५ वर्षांच्या, तब्येत ठणठणीत, पण विमानात कधी बसलेल्या नाहीत. एकुलती एक मुलगी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहते, तिच्या बाळंतपणाची तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली. व्हिसा हातात पडेपर्यंत जून संपत आला. म्हणजे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं आणि काहीही झालं तरी महिनाअखेर पोचायचं. कोल्हापुरात लोकांच्या लांबच्या प्रवासाची आखणी करून देणं हेच माझं काम, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं.

मुलीचा निरोप एका ओळीचा होता: ज्या विमानाला सगळ्यात कमी तास लागतात ते बघा. काकांचा प्रश्न वेगळा होता. "आधी अंतर सांग. अंतर कळलं की वेळ आपोआप कळंल." केमिस्ट माणूस, आधी माप आणि मग बाकीचं.

अंतराचं गणित त्यांच्यासमोर मांडलं ते असं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को विमानतळ हे सरळ अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. उजळाईवाडीच्या आपल्या विमानतळावरून मोजलं तर सुमारे १३,७३०. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणजे एका दमात पृथ्वीचा एक तृतीयांश घेर कापायचा. सरळ म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ नव्हे. शाळेतला पृथ्वीगोल घ्यायचा, एक दोरा मुंबईवर धरायचा, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवायचं आणि ताणायचा. दोरा अटलांटिकवरून जात नाही, पॅसिफिकच्या मधूनही जात नाही. तो मुंबईहून जवळजवळ उत्तरेला निघतो, हिमालय, तिबेट, सायबेरिया ओलांडतो, ७६ अंश उत्तरेच्याही वर चढतो आणि अलास्काच्या बाजूने खाली कॅलिफोर्नियात उतरतो. भूगोलाच्या पुस्तकात आपण बृहद्वृत्त शिकलो, ते हेच. भिंतीवरच्या सपाट नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवलेला असतो, म्हणून तिथे हीच वाट उगाच वळसा घालून गेल्यासारखी दिसते.

काकांनी नातवंडांसाठी म्हणून घेऊन ठेवलेला पृथ्वीगोल माळ्यावरून काढला आणि काकूंच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा लावून स्वतः बघितलं. दोरा घसरू नये म्हणून मुंबईवर अंगठा दाबून धरला होता. मग विचारलं, "हा दोरा दिल्लीच्या अंगावरनंच चाललाय की रे?"

निरीक्षण अचूक होतं. मुंबई ते दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०. बेरीज केली तर थेट अंतरापेक्षा जेमतेम आठ-दहा किलोमीटर जास्त भरते. दिल्लीमार्गे जाणाऱ्याला वाटतं आपण वळसा घेतला, पण अंतराच्या हिशेबात तो वळसाच नाही. दिल्लीत जे जातात ते तास: उतरणं, टर्मिनलमधली पायपीट, इमिग्रेशन, पुन्हा सुरक्षा तपासणी.

पण विमान या दोऱ्यावरून जात नाही. पहिली अडचण तिबेटच्या पठाराची. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान लवकरात लवकर सुमारे १०,००० फुटांवर, म्हणजे तीन हजार मीटरच्या आसपास आणावं लागतं. पठाराची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर आहे. खाली यायला जागाच नाही. म्हणून बहुतेक विमानं तो भाग टाळून जातात. दुसरी अडचण देशांच्या हवाई हद्दींची. २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकन कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपली हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांचे तास वाढले. मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली की जो आकडा येतो तो भूमितीचा असतो. प्रत्यक्षात उडलेलं अंतर त्याहून जास्त असतं, आणि कंपनीगणिक वेगळं.

तिसरी गोष्ट वाऱ्याची, आणि काकांचं "अंतर कळलं की वेळ कळंल" इथेच थांबलं. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. जेट स्ट्रीम म्हणतात तो हा. विमान त्याच्यासोबत गेलं तर जमिनीच्या हिशेबात वेग वाढतो, विरुद्ध गेलं तर घटतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट जवळपास १,४०० किलोमीटरनी लांबली, पण वारा पाठीशी आल्यामुळे वेळ दोन तासांच्या आसपास कमी झाला. परतीला तेच विमान अटलांटिकवरून येई, म्हणजे तेव्हाही पूर्वेकडेच. जाऊन-येऊन पृथ्वीला पुरी प्रदक्षिणा.

"म्हंजे लांबच्या वाटंनं गेलं तर लवकर पोचतंय म्हणायचं!" काका म्हणाले. त्यानंतर त्यांनी किलोमीटरचा विषय स्वतःहून सोडला.

उरले पर्याय. तीन विचारात घेण्यासारखे होते.

दिल्लीमार्गे: मुंबई–दिल्ली दोन-सव्वादोन तास, पुढे सलग पंधरा-सोळा तास. मुलीचा कल इकडे होता. दुबईमार्गे: पहिला टप्पा सव्वातीन तासांचा, दुसरा पुन्हा सोळा तासांच्या आसपास. एकूण सुमारे १४,९५० किलोमीटर. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को पृथ्वीगोलावर जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, त्यामुळे त्यांच्यातली सगळ्यात जवळची वाट उत्तर ध्रुवापासून दोनेकशे किलोमीटरवरून जाते. फ्रँकफुर्टमार्गे: मुंबई–फ्रँकफुर्ट सुमारे ६,५७० किलोमीटर, नऊ तास. फ्रँकफुर्ट–सॅन फ्रान्सिस्को सुमारे ९,१५० किलोमीटर, साडेअकरा तासांपर्यंत. एकूण १५,७००, म्हणजे सरळ अंतरापेक्षा २,२०० किलोमीटर जास्त.

मी फ्रँकफुर्ट सुचवलं आणि त्यावर ठाम राहिलो. कारण गुडघा. पहिले दोन्ही मार्ग म्हणजे एक छोटी उडी आणि मग सोळा तासांची सलग बैठक. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाच्या पायांना ती बैठक झेपते का, हा खरा प्रश्न आहे. एकूण तासांत दोन कमी झाले की तीन, हा त्यानंतरचा. पाय सुजणं, रक्ताची गुठळी होणं याचा धोका हालचाल न करता बसलेल्या वेळेबरोबर वाढतो. नऊ तासांनंतर तीन-चार तास जमिनीवर, चालणं, पाय लांब करणं, तोंड धुणं, एक गरम चहा आणि मग पुढचा टप्पा, हे त्यांच्यासाठी बरं. तरुण माणूस असता तर मी दिल्लीच सांगितली असती. मुलीला ते पटायला दोन फोन लागले. पटवलं शेवटी काकांच्या डॉक्टरांनी. त्यांनी पायांत घालायचे घट्ट मोजे लिहून दिले आणि गोळ्यांचं वेळापत्रक घड्याळाऐवजी जेवणांना बांधून दिलं.

तिकीट मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को असं एकच घेतलं, दोन्ही टप्पे एका पीएनआरवर. या मुद्द्यावर मी कधीच तडजोड करत नाही. एका तिकिटावर असताना पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं सुटलं, तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. सामानही एका तिकिटावर थेट शेवटपर्यंत जातं. अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरात विमान बदलायचं असतं, तर मात्र पहिल्या उतरण्याच्या जागी इमिग्रेशन करून बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून न्यूयॉर्क किंवा शिकागोमार्गे जाणारी थोडी स्वस्त तिकिटं मी त्यांना दाखवलीसुद्धा नाहीत.

व्हीलचेअरची नोंद तिकिटाबरोबरच केली, दोघांसाठी. काकू म्हणाल्या, "मला कशाला? मी पन्हाळा चढते." त्यांना व्हीलचेअरची गरज नव्हतीच. पण काकांना घेऊन मदतनीस पुढे निघून गेला आणि त्या फ्रँकफुर्टच्या गर्दीत मागे राहिल्या तर काय, याचा विचार करायला हवा होता. दोघांची नोंद असली की दोघांना एकत्र नेतात.

इथवर आखणी साडेपंधरा हजार किलोमीटरची होती, आणि ती दोन संध्याकाळींत झाली. खरा वेळ गेला तो आधीच्या तीनशे किलोमीटरवर.

उजळाईवाडी ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर. रस्त्याने पावणेचारशेच्या वर, रेल्वेने मिरज-पुण्यावरून ५१८. इतर कोणत्याही महिन्यात यात विचार करण्यासारखं फारसं नसतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मात्र असतं. बावड्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, राजाराम बंधारा त्यांच्या दारात आहे. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पावसाळ्यात तिथली पोरंसुद्धा सकाळी उठल्यावर आधी फूट विचारतात. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुण्या-मुंबईकडची वाट बंद झाली. तेव्हा इथून मुंबई किती तासांवर आहे, या प्रश्नाला उत्तरच नव्हतं.

दोन्ही भाग शेजारी ठेवून बघा. मुंबईच्या पुढचे पंधरा हजार किलोमीटर: वारा, हद्द, गर्दी सगळं धरून वेळ तास-दोन तासांनी इकडेतिकडे होते, आणि बिघडलं तर सांभाळायला कंपनी आहे. मुंबईच्या अलीकडचे तीनशे किलोमीटर: विमानाने एक तास, गाडीने आठ-नऊ तास, रेल्वेने रात्रभर, किंवा चार दिवस काहीच नाही. आणि बिघडलं तर सांभाळायला कोणी नाही, कारण हा भाग त्या तिकिटावर नाहीच. कोल्हापूर, सांगली, सातारा, कोकण इथून परदेशी निघणाऱ्या प्रत्येकाच्या आखणीत हा भाग सगळ्यात आधी यायला हवा. आमच्या धंद्यातसुद्धा तो बहुतेक वेळा शेवटी, "मुंबईला तुमचे तुम्ही या" एवढ्या एका वाक्यात उरकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

उजळाईवाडीहून विमान घ्यावं असं काकांना वाटत होतं. आपला विमानतळ, छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये सुरू केलेला, आणि आता नवं टर्मिनल झालेलं. अभिमानाची गोष्ट आहेच. शिवाय एक भौगोलिक सोय आहे जी फार कमी लोकांच्या लक्षात येते: उजळाईवाडी पंचगंगेच्या शहराकडच्या अंगाला आहे. शिरोलीत पाणी आलं तरी शहरातून विमानतळावर जाता येतं. पण पावसाळ्यात ढग खाली उतरलेले असतात, दिवसाला विमानं मोजकी, आणि एक रद्द झालं की त्याच संध्याकाळी दुसरं मिळेल याची शाश्वती नाही. त्याच दिवशीचं विमान पकडून रात्री मुंबईहून परदेशी, ही जोडणी मी जुलैत कुणालाच करून देत नाही.

ठरलं ते असं. परदेशी विमानाच्या तीन दिवस आधी महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं आणि ठाण्याला भाच्याकडे उतरायचं. निघायच्या दोन दिवस आधी बंधाऱ्यावरची पातळी ३५ फुटांच्या वर गेली तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी मिळेल त्या गाडीने निघायचं. आणि शिरोली बंद झालीच तर उजळाईवाडीहून मुंबई, हैदराबाद, बंगळुरू, जिथलं विमान मिळेल तिथे जायचं आणि तिथून मुंबई गाठायची. ३५ चा आकडा काकांनी घातला. मी ३७ म्हणत होतो. त्यांचं म्हणणं, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पुढचं पाणी आपल्याला विचारून चढत नाही. बावड्यात उभा जन्म काढलेल्या माणसाशी मी यावर वाद घातला नाही.

आणखी एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. विमान बुधवारी पहाटे २ वाजून ५० मिनिटांनी. म्हणजे घरातून मंगळवारी रात्री निघायचं. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानाच्या तारखेत माणसं चोवीस तासांनी चुकतात, आणि ती चूक विमानतळावर पोचल्यावरच कळते. भाच्यालाही तोच कागद मोबाइलवर पाठवला.

प्रत्यक्षात आकडा ३५ च्या अलीकडेच राहिला आणि ते ठरल्याप्रमाणे रविवारी रात्री गाडीत बसले. राधानगरीचा दरवाजा उघडल्याची बातमी आली तेव्हा ते ठाण्यात चहा घेत होते. मंगळवारी रात्री साडेदहाला मुंबई विमानतळ. बुधवारी पहाटे उड्डाण, फ्रँकफुर्टला तिथल्या घड्याळाने सकाळी सव्वाआठ. दोन तासांची जोडणीही मिळत होती, पण मुद्दाम लांबची घेतली होती. दुपारी साडेबाराच्या सुमाराला दुसरं विमान, आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्याच बुधवारी दुपारी तीनच्या आत उतरले. आपल्याकडे तेव्हा गुरुवारची पहाट, सव्वातीन-साडेतीन.

मुंबईच्या धावपट्टीपासून तिकडच्या धावपट्टीपर्यंत साडेचोवीस तास झाले. हवेत साधारण साडेवीस. इमिग्रेशन, बॅगा आणि पुढे पाऊण तासाची मोटार धरून, ठाण्याच्या दारातून सनीव्हेलच्या दारापर्यंत ३१ तास. बावड्याच्या दारातून मोजले तर तीन दिवसांच्या वर. मुलीने सुरुवातीला विचारलेल्या "किती तास"ला ही सगळी उत्तरं आहेत, आणि आखणी करताना मी शेवटचं धरतो.

दुसऱ्या टप्प्यातली एक गोष्ट काकूंनी फोनवर सांगितली ती इथे नोंदवतो, कारण पुढच्यांना उपयोगी आहे. फ्रँकफुर्टहून दुपारी निघालेलं विमान ग्रीनलंडवरून पश्चिमेला जातं आणि जुलैत त्या अक्षांशावर सूर्य पाठ सोडत नाही. साडेअकरा तास बाहेर सतत दुपार. खिडकीचा पडदा लावला तरी झोप आली नाही. काकू त्या मानाने खुशीत होत्या, त्यांनी खाली बर्फाचे डोंगर बघितले. काकांची झोप मात्र मोडली आणि तिथे गेल्यावर चार-पाच दिवस दुपारी दोनला डोळे मिटायचे. उन्हाळ्यात वयस्कर माणसांना हा टप्पा करायचा असेल तर डोळ्यांवरची पट्टी सोबत द्यावी, आणि पहिल्या विमानातलं रात्रीचं जेवण टाळून झोपायला सांगावं. खरी रात्र तेवढीच मिळते.

कस्टममध्ये कांदा-लसूण चटणीचे दोन डबे निघाले. फॅक्टरीचं सील होतं, सामानात खाण्याचे पदार्थ आहेत हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि दोन मिनिटांत सोडलं.

परतीचं तिकीट जानेवारीतलं आहे. मुलीने पुन्हा दिल्लीमार्गे विचारलं होतं, तीन तास वाचतात म्हणून. जानेवारीत दिल्लीत धुकं असतं, सकाळची विमानं तासन्‌तास खोळंबतात किंवा दुसरीकडे वळवली जातात. त्यामुळे परतीलाही फ्रँकफुर्टच ठेवलं. पूर्वेकडे येताना वारा पाठीशी असल्याने दोन्ही टप्पे मिळून तास-दीड तास तसाही वाचेल. या वेळी मुंबई–कोल्हापूर विमानाने करायला माझी काही हरकत नाही. जानेवारीत पंचगंगा शांत असते. विमान रद्द झालंच तर शिरोलीचा रस्ता उघडा आहे. फक्त मुंबईत उतरल्यावर एक रात्र ठाण्याला काढायची, एवढं ठरवून ठेवलं आहे.